खाच नसलेली गोळी

४ जानेवारी, सोमवार

मोठ्या साहेबांनी आज सगळ्यांना बोलावून सांगितलं की हृदयाच्या औषधाची गोळी हृदयाच्याच आकाराची असली पाहिजे. इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला कशी सुचली नाही, असंही ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत, पण माझे हात टेबलावरच होते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नसावं.

औषध जुनंच आहे. हृदय थकलेल्या माणसांना देतात ते, ठोके आवरणारं. आमची कंपनी त्याची गोल, पांढरी गोळी बनवते आणि तिच्या मधोमध खाच असते. ती खाच शोभेसाठी नाही. थकलेल्या हृदयाला हे औषध एकदम पुरं देता येत नाही. आधी पाव, मग अर्धी, असं आठवड्याआठवड्यांनी चढवत न्यावं लागतं. घाई केली तर ज्या हृदयाला सावरायचं तेच बसतं. म्हणून लोक गोळी मोडून घेतात, आणि ती सारखी मोडावी म्हणून खाच.

"खाच कुठे येणार?" मी विचारलं.

मार्केटिंगच्या प्रमुखाने पडद्यावर एक लालभडक हृदय आणलं आणि त्याच्यामधून रेघ ओढून दाखवली. या प्रमुखाला लॅबमध्ये झगमग म्हणतात. "काय दिसतंय?" तो म्हणाला. "तुटलेलं हृदय! माणूस आधीच घाबरलेला, आणि त्याला आपण रोज सकाळी नाश्त्याबरोबर तुटलेलं हृदय द्यायचं?"

"मग लोक ती मोडणार कशी?"

"अहो, हृदय कोण मोडतं?"

सगळे हसले. मी म्हणाले, "माझ्या घरी एक पेशंट आहे. ते अर्धी घेतात." झगमगने वहीत काहीतरी टिपून घेतलं. मी ऑफिसात घरचं काही बोलत नाही. हे वाक्यसुद्धा नको होतं बोलायला.

मला लॅबमध्ये डेसिकेटर म्हणतात, हे मला माहीत आहे. डेसिकेटर म्हणजे झाकणाचं काचेचं भांडं; आतल्या वस्तूला बाहेरची ओल लागू देत नाही. उपयोगी उपकरण आहे.

६ जानेवारी, बुधवार

घरचा पेशंट म्हणजे बाबा. आई गेल्यापासून एकटे राहत होते. पावसाळ्याच्या शेवटी पाय सुजले, दम लागू लागला, दवाखाना झाला आणि ते माझ्याकडे आले. आयुष्यभर त्यांनी दारोदार प्रेशर कुकर विकले. महिन्यातले वीस दिवस बाहेर. मी त्यांना ओळखते त्यापेक्षा आठ-दहा गावांतल्या गृहिणी त्यांना जास्त ओळखत असतील. आता आम्ही दोन खोल्यांत राहतो आणि एकमेकांशी भाडेकरूसारखे वागतो. तक्रार नाही.

त्यांच्या पाच गोळ्यांना त्यांनी नावं दिलीयत. लघवी करायला लावते ती 'पाणीवाली'. रक्ताचा रस्ता रुंद करते ती 'मुकादम'. एक 'राखणदार', कारण ती अंगातलं मीठ बाहेर हाकलते पण पोटॅशियम सोडत नाही. एक मूळची मधुमेहाची, आता हृदयालाही देतात, ती 'साखरवाली'. खालच्या काकूंनी तिच्यावरून रान उठवलं होतं. "अहो, तुम्हाला साखर नाही आणि साखरेची गोळी? बंद करा आधी!" शेवटी मी खाली जाऊन त्यांना दहा मिनिटं समजावलं. त्या म्हणाल्या, "तू एवढं बोलू शकतेस हे माहीत नव्हतं."

पाचवी 'ब्रेक'. हीच आमच्या कंपनीची, अर्धी. ती मी स्वतः कापते. खाच असली तरी दोन्ही अर्धे लहान काट्यावर तोलते, आणि थोडा फरक आला तर मोठा अर्धा आणि लहान अर्धा लागोपाठच्या दिवसांच्या कप्प्यांत टाकते.

"मॅडम," बाबा म्हणाले, "सोनारसुद्धा इतकं बघत नाही."

"सोन्याने कुणी मरत नाही."

"मरतात गं. तू वर्तमानपत्र वाचत नाहीस." मग थोड्या वेळाने, "आज काय नवीन तुमच्या कारखान्यात?"

"काही नाही."

१३ जानेवारी, बुधवार

पहिला घाणा काढला. ड्रममध्ये गोळ्या फिरवून त्या किती झिजतात ते बघतात. हृदयाचं खालचं टोक उडतं. एखाददुसरं नव्हे, ड्रम उघडला तेव्हा तळाशी लाल टोकांचा चुरा आणि वर बुटकी हृदयं. टोक बोथट करावं असं मी सुचवलं.

"टोक नसलेलं हृदय म्हणजे बटाटा," झगमग म्हणाला.

मग दाब वाढवला. आता टोक टिकतं, पण गोळी दगडासारखी झाली आहे. पाण्यात विरघळायला हवा त्याहून जास्त वेळ घेते. ते नियमात बसवायला अजून दोन दिवस लागतील. मोठ्या साहेबांनी नमुना हातात घेऊन प्रकाशात धरला आणि "वा!" म्हणाले. गोळी पोटात गेल्यावर प्रकाश नसतो, हे मी बोलले नाही.

१५ जानेवारी, शुक्रवार

माझ्या आग्रहाखातर मोडून बघायची चाचणी झाली. खाच नाही, म्हणून गोळी हाताने मोडली की कुठूनही फुटते. एका तुकड्यात साठ टक्के, दुसऱ्यात चाळीस. काहींत याहून वाईट. वरून चुरा वेगळा.

आमच्या विभागप्रमुख बाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत आणि तोवर त्यांना कुणाचं नाव 'नाही' या शब्दाजवळ यायला नको आहे. त्यांनी माझा तक्ता बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "सरासरी किती येते?"

"कशाची?"

"अर्ध्यांची. सगळ्या अर्ध्यांचं सरासरी वजन."

"मॅडम, कुठल्याही गोळीच्या दोन तुकड्यांची सरासरी अर्धीच येणार."

"मग!" त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला. "बरोबर येतेय की!"

संध्याकाळपर्यंत अहवाल तयार झाला: 'अर्ध्या गोळीचे सरासरी वजन अपेक्षेनुसार अचूक.' मोठ्या साहेबांनी अभिनंदनाचा निरोप पाठवला. सहीसाठी खाली दोन जागा आहेत. एकीवर बाईंची सही आहे. दुसरी जागा माझी. मी म्हटलं, सोमवारी बघते.

१९ जानेवारी, मंगळवार

सही केलेली नाही. कुणी मागितलीही नाही. छपाई मात्र सुरू झाली.

झगमग दोनदा लॅबमध्ये आला. एरवी तो येत नाही, वासाने डोकं दुखतं म्हणतो. दोन्ही वेळा माझ्या टेबलाशी थांबला. "बाबा कसे आहेत?" "तुम्ही घरून किती वाजता निघता?" "गोड माणूस असणार, नाही?" मी तिन्ही प्रश्नांना एकेका शब्दात उत्तर दिलं. त्याने नवीन शर्ट घातला होता.

२३ जानेवारी, शनिवार

खालच्या काकूंनी जिन्यात गाठलं. "अगं, तो लाल गाडीवाला येतो ना दुपारी तुमच्याकडे, चांगला वाटतो हो. बाबांशी तासतासभर गप्पा मारतो. जमतंय वाटतं?"

मी वर आले. बाबा आरशासमोर उभे होते. नवा कोरा शर्ट, केस विंचरलेले. मला पाहून म्हणाले, "बरा दिसतोय का?"

"बरे दिसताय."

ऑफिसात लाल गाडी एकट्या झगमगची आहे. म्हणजे तो माझ्या मागे आहे, आणि मला विचारण्याऐवजी थेट वडिलांकडे जाऊन बसतो. त्याच्या पद्धतीला हे धरूनच आहे: माल कसा आहे ते न बघता आधी खोक्याची छपाई. बाबांना सगळं माहीत आहे आणि ते खूश आहेत. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही काही सांगावं लागलं असतं.

बाबांचं वजन या आठवड्यात सातशे ग्रॅम वाढलं आहे. अंगात पाणी साठू लागलं की आधी काट्याला कळतं, मग पायांना आणि सगळ्यात शेवटी माणसाला. म्हणून रोज सकाळी वजन. पण औषध तेच, मीठ तेच. काटा संशयास्पद वाटतो. फरशी समतल नाही बहुतेक.

२५ जानेवारी, सोमवार

आज सोक्षमोक्ष लावला. झगमग कॉफीच्या यंत्राशी एकटा होता.

"तुम्ही आमच्या घरी जाता हे मला कळलंय," मी म्हटलं. "स्पष्टच सांगते, माझा विचार नाही."

तो दचकला. "बाबांनी सांगितलं? तुम्हाला आयत्या वेळी सांगून चकित करायचं ठरलं होतं आमचं."

"मला चकित व्हायला आवडत नाही."

"पण बाबा तर हो म्हणाले. किती आनंदाने म्हणाले!"

"बाबांच्या होकाराचा इथे संबंध नाही."

"अहो, त्यांच्याच होकाराचा तर संबंध आहे! सही पण केली त्यांनी. तुमची संमती कशाला लागेल?"

मी कॉफी तशीच ठेवून निघाले. इतका उद्धटपणा मी कुणात पाहिला नव्हता. सही! कुठल्या शतकात राहतात ही माणसं?

घरी आल्यावर बाबांशी बोलायचं ठरवलं होतं, पण ते खुर्चीतच झोपले होते. अलीकडे फार झोपतात. म्हातारपण. जेवताना म्हणाले, "कसला विचार करतेस?"

"काही नाही."

२८ जानेवारी, गुरुवार

काट्याची तपासणी केली. एक लिटर पाण्याच्या सीलबंद बाटल्या एकेक करून ठेवल्या. काटा अचूक आहे. तरी बॅटरी बदलली. वजन अजून वाढलं. पायांवर बोट दाबलं तर खळगा राहतो. बाबा म्हणाले मोजे घट्ट आहेत. मोजे सैल आहेत.

रक्तदाबाचं यंत्र नाडी शेहेचाळीस दाखवतं. हे शक्य नाही. अर्ध्या गोळीवर साठाच्या खाली कधी गेली नव्हती. यंत्राचा पट्टा जुना झालाय, नवा मागवला. तोवरचे आकडे तक्त्यात कंसात लिहिते, म्हणजे कुणी ते गंभीरपणे घेणार नाही.

डॉक्टरबाईंना फोन करावा का? त्या विचारतील, औषधात काही बदल? मी सांगेन, नाही. गोळ्या मी स्वतः तोलते. माहितीत दोष नसताना निष्कर्ष बदलत असेल तर उपकरण बघावं, हे मला शिकवलं आहे. पट्टा शनिवारी येईल. मग करते.

बाबांच्या ग्लासच्या काठावर गुलाबी डाग होता. डाळिंब खाल्लं असावं.

काकू म्हणाल्या, "तुझे बाबा खोलीत भाषण करतात का गं? जिन्यापर्यंत ऐकू येतं. मध्येच थांबतात, दम घेतात, पुन्हा पहिल्यापासून." मी म्हटलं, जुनी सवय. विक्रीची.

३० जानेवारी, शनिवार

हे दवाखान्यातल्या बाकावर लिहिते आहे. क्रमाने लिहिते.

दुपारी कंपनीच्या सभागृहात अनावरणाची रंगीत तालीम होती. सगळ्या विभागांना बसवलं होतं. व्यासपीठावर माणसाएवढं लाल हृदय, आतून दिवा. झगमग माईकवर म्हणाला, "आणि आता आपला खराखुरा पेशंट! आपल्यातल्याच एकीचे वडील!" आणि माझ्याकडे हात केला.

बाबा पडद्यामागून आले. नवा शर्ट. चार पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर थांबले. लोकांना तो रुबाब वाटला, टाळ्या झाल्या. त्यांनी माईक हातात घेतला आणि खिशातून लाल गोळी काढून बोटांत धरली.

"मंडळी," ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं घरोघर माल विकला. एक नियम कधी मोडला नाही. जे स्वतः वापरलं नाही ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही. नवा कुकर आला की पहिला भात मी शिजवायचो. ही गोळीसुद्धा गेले दहा दिवस रोज संध्याकाळी..."

पुढचा शब्द आला नाही. ते खाली व्यासपीठाच्या कडेवर बसले, अगदी सावकाश, जणू बसायचंच होतं. टाळ्या अजून चालू होत्या.

मी पोचले तेव्हा ओठ निळसर होते. मनगट धरलं. यंत्र नव्हतं, पट्टा नव्हता, माझीच बोटं होती, आणि दोन ठोक्यांमध्ये वाट बघावी लागत होती.

"बाबा, काय घेतलंत?"

"तुमचीच गं," ते म्हणाले. "शक्तीची. हृदयाची."

"सकाळच्या गोळ्या बंद केल्या?"

"छे! त्या तू दिलेल्या. त्या कशा बंद करीन? ही वरून."

सकाळी अर्धी, संध्याकाळी अख्खी. तेच औषध. तिप्पट, आणि एका दिवसात चढवलेलं.

१ फेब्रुवारी, सोमवार

धोका टळलेला नाही, पण डॉक्टरबाई कालपेक्षा हळू चालतायत. ब्रेक पूर्ण थांबवलाय. पाणी काढायचं औषध शिरेतून चालू आहे. ऑक्सिजन आहे. त्यांनी मला विचारलं, "दहा दिवस वजन वाढत होतं, नाडी उतरत होती. तुम्ही रोज मोजत होता ना? मग?"

मी म्हटलं, "मला वाटलं यंत्रं बिघडलीत."

"दोन्ही? एकाच वेळी? आणि दोन्ही हृदयाकडेच बोट दाखवत?"



झगमग वॉर्डबाहेर बसून आहे. बाबांच्या चपला सभागृहात राहिल्या होत्या, त्या एका पिशवीत घालून मांडीवर घेऊन. मी समोर उभी राहिले तर म्हणाला, "मी त्यांना पाकीट नुसतं फोटोसाठी दिलं होतं. देवाशप्पथ. खातील असं वाटलंच नाही."

"गोळी आहे ती. तिचं दुसरं काय करतात?"

त्याने पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही म्हणालात, तुमचा विचार नाही. तेव्हाच थांबायला हवं होतं मी. पण कशाबद्दल ते मला नीट कळलं नव्हतं, खरं सांगतो."

मी त्याला कशाबद्दल ते सांगितलं नाही. कधीच सांगणार नाही.

३ फेब्रुवारी, बुधवार

बाबा बसून बोलतायत. नळीमुळे आवाज नाकातून येतो.

"मला वाटलं ती वेगळी आहे," ते म्हणाले. "तुझी ती पांढरी, गोल, कारकुनासारखी. ही बघ कशी, पहिल्या दिवशी नोकरीवर आल्यासारखी. एकाच घरातल्या आहेत हे कसं कळणार?"

"पाकिटावर लिहिलंय."

"पाकिटावर एवढं मोठं लाल हृदय आहे. लिहिलेलं कुठे दिसतंय?"

हे खरं आहे. औषधाचं नाव मागच्या बाजूला, घडीच्या आत आहे.

"पण तुम्ही ती घेतलीतच का? नुसती हातात धरून बोलला असतात."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही कमी शिकले आहे. "ती तू बनवलीस ना? तो म्हणाला, तुमच्या मुलीच्या लॅबमधून निघाली. मग मी म्हटलं, पोरीचा माल आहे, आपण नाही विकायचा तर कुणी?"

"बाबा, मी त्या गोळीच्या विरोधात होते. पहिल्या दिवसापासून. खाच हवी म्हणून भांडले. सही अजून केलेली नाही."

"कुणाला सांगितलंस हे?"

"मीटिंगमध्ये एकदा. बाकी सगळं लिहून ठेवलंय, तारीखवार."

"कुठे?"

"माझ्याकडे."

ते हसायला लागले आणि खोकल्याने अडवलं. नर्स आली, माझ्यावर रागावली. ती गेल्यावर म्हणाले, "वा, मॅडम. वहीला सगळं कळवलंस, गिऱ्हाइकाला काही नाही. म्हणजे कुणालाच नाही."

५ फेब्रुवारी, शुक्रवार

कंपनीत घटनेवर बैठक झाली. मी दवाखान्यात होते. टिपण पाठवलं त्यांनी. त्यात बाबांचा उल्लेख 'अतिउत्साही वापरकर्ता' असा आहे. कारण: 'उत्पादनाचे प्रमाणाबाहेर आकर्षण.' हे मोठ्या साहेबांना जमेची बाजू वाटते. उपाय: पाकिटावर 'गोळी मोडू नये' असं छापणं. म्हणजे ज्यांना अर्धी हवी त्यांनी काय करायचं हा प्रश्नच मिटला. विभागप्रमुख बाईंनी सुचवलं की अक्षर लहान असावं, उगाच लोकांना मोडायची कल्पना सुचायला नको.

शेवटची ओळ: 'मोडण्याच्या चाचणीवरील प्रलंबित सही बुधवारी घ्यावी.'

साहेबांकडून बाबांना फुलं आली. हृदयाच्या आकारात. बाबांनी ती खोलीतल्या दुसऱ्या पेशंटला देऊन टाकली आणि त्याच्याकडून उशी घेतली.

८ फेब्रुवारी, सोमवार

मी टिपण वाचून दाखवलं. वाचून दाखवायचं असं ठरवलं नव्हतं, बाबांनी "काय आलंय?" विचारलं आणि "काही नाही" म्हणायला तोंड उघडलं तेव्हा समोर त्यांच्या हाताला लावलेली सुई दिसली.

"बुधवारी काय बोलणार आहेस?"

"साठ-चाळीसचा तक्ता दाखवीन."

"पहिल्या वाक्यात आकडा घालू नकोस. आकडा म्हणजे कडी लावलेलं दार."

"मग काय घालू?"

"काही घालू नकोस. माल हातात दे. मी कधी म्हटलं का, बाई, या कुकरचा दाब इतका आहे? मी झाकण त्यांच्या हातात द्यायचो. लावून बघा म्हणायचो. लागलं नाही तर त्या स्वतःच बोलायच्या, मला बोलावं लागायचं नाही."

"नोकरी जाईल कदाचित."

"जाऊ दे," ते म्हणाले. मग थोडे गंभीर झाले. "नको, जाऊ नको देऊ. मोडायला लाव त्यांना. साहेबाला पहिलं."

१० फेब्रुवारी, बुधवार

काटा टेबलाच्या मधोमध ठेवला आणि प्रत्येकापुढे एक लाल गोळी. तक्ता पिशवीतून काढलाच नाही.

"ही अर्धी करून द्या," मी म्हटलं. "घरी चाकू-कात्री मिळते, इथे हात आहेत."

मोठे साहेब हसत पुढे सरसावले. दोन अंगठ्यांनी दाबली. गोळी दगडाची, आधी काही झालं नाही. मग टचकन फुटली आणि टोक उडून विभागप्रमुख बाईंच्या चहात पडलं. बाई चहाकडे बघत राहिल्या. साहेबांच्या हातात एक मोठा तुकडा आणि एक लहान. मी दोन्ही तोलले आणि काटा त्यांच्याकडे वळवला.

"यातला मोठा कुणाला द्यायचा?" मी विचारलं. "माझे वडील अजून दवाखान्यात आहेत. ते अर्धी घेतात. सोमवारी मोठा देऊ की लहान?"

"सरासरी..." बाई म्हणाल्या.

"बाई, चहा प्या," साहेब म्हणाले. बाई प्यायल्या नाहीत.

मी अहवाल पुढे सरकवला. "माझ्या सहीची जागा रिकामी आहे. ती रिकामी राहील. खाली कारण लिहिलंय, आणि तपासणीला कुणी आलं तर त्यांनाही हेच दाखवीन."

 मग झगमग उठला. आपली फुटकी गोळी दोन्ही तळव्यांवर धरून तो साहेबांना म्हणाला, "सर, मी त्यांच्या चपला घेऊन दोन दिवस बसलो होतो. हे मला विकता येणार नाही."

निर्णय असा: गोळी जुनीच, गोल, पांढरी, खाचेची. शिवाय अर्ध्या ताकदीची लहान गोळीही काढायची, ज्यांना मोडणं जमत नाही त्यांच्यासाठी. हृदय फक्त खोक्यावर, आणि औषधाचं नाव त्याच्या वर, पुढच्या बाजूला. हृदयाचे साचे वाया घालवणं साहेबांच्या जिवावर आलं, तेव्हा त्यांतून लहान मुलांच्या चघळायच्या गोळ्या काढायचं ठरलं. त्या कशाही मोडल्या तरी चालतात. साहेब पुन्हा आनंदात आहेत. निघताना म्हणाले, "तुम्ही छान बोलता. आधी का नाही बोललात?"

मी म्हटलं, "बोलले होते." मग जरा थांबून, "पण हळू."

१३ फेब्रुवारी, शनिवार

बाबा काल घरी आले. ब्रेक पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा आहे, पावापासून. डॉक्टरबाईंनी मला बजावलं: आकडा पटला नाही तर आधी फोन, मग यंत्र. काकू येऊन गेल्या. लाल गाडीवाल्याचं काय झालं विचारत होत्या. मी सांगितलं, तो बाबांना बघायला आला होता, मला नाही. त्यांना ते पटायला वेळ लागला. मलाही लागला होता.

चहा झाल्यावर बाबा कॉटवर आडवे झाले आणि म्हणाले, "आता सांग. काय झालं बुधवारी?"

"झालं ठीक."

ते नुसते बघत राहिले. दारात उभं राहून गिऱ्हाइकाची वाट बघावी तसे, घाई न करता.

मग मी खुर्ची कॉटजवळ ओढली आणि सांगायला लागले. साहेबांनी गोळी कशी दाबली ते सांगितलं, चहाचं सांगितलं. चहाला ते इतके हसले की मला ते पुन्हा सांगावं लागलं. मग त्यांनी विचारलं, टोक का उडतं? म्हणून साच्यापासून सुरुवात केली. भुकटी दाबली जाते तेव्हा सगळीकडे सारखी दाबली जात नाही, अरुंद जागी ती सैल राहते, हे सांगताना दोन्ही हात वापरावे लागतात असं लक्षात आलं. यापूर्वी मी हे कुणाला बोलून सांगितलं नव्हतं.

मी दाब वाढवल्याच्या भागापर्यंत आले तेव्हा बाबांचे डोळे मिटले होते. श्वास संथ होता, ओठांचा रंग चांगला. मनगटावर बोटं ठेवून पाहिली. मग हात तिथेच राहू दिला आणि उरलेलं सांगून टाकलं.